लेखनिकाचे इमान आणि छापील शब्दाचा जामीन

१

‘लेखक’ या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ मराठीत तुलनेने अलीकडचा आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा ‘लेखक’ म्हणून निर्देश येतो, तेव्हा तेथे ग्रंथकर्ता अभिप्रेत नसतो; सांगितलेले उतरवून घेणारा अभिप्रेत असतो. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा ही विभागणी त्या संस्कृतीला स्वाभाविक वाटत होती, आणि दोघांची नावे वेगवेगळी नोंदविण्यात कोणाला उणेपणाही वाटत नव्हता. मुद्रणाच्या युगात ही दोन कर्तव्ये एका नावाखाली आली. वृत्तपत्राने त्यांत संपादक हा तिसरा घटक आणून बसविला. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या जाळ्यावर जे व्यक्तिगत लेखन सुरू झाले आणि ज्याला मराठीत ‘अनुदिनी’, ‘जालनिशी’ असे प्रतिशब्द मिळाले, त्याचा मुख्य दावा असा होता की, लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये आता कोणीही उरलेले नाही.

अनुदिनीकार आणि पत्रकार यांच्या संबंधाची चर्चा बहुधा या दाव्याभोवती घोटाळत राहते. एक बाजू म्हणते, संपादकाची चाळणी नसलेले लेखन विश्वसनीय कसे मानावे? दुसरी म्हणते, चाळणी कोणाच्या हातात आहे हे ठाऊक असताना तिच्यातून आलेले तरी विश्वसनीय कसे मानावे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु दोन्ही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. अनुदिनीकार आणि पत्रकार या दोन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणावर विसंबायचे एवढेच काय ते ठरवायचे आहे, असे ते गृहीत आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत २०११च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे घडले त्याने हे गृहीतच डळमळीत होते. त्या प्रकरणाची राजकीय चर्चा त्या वेळी पुरेशी झाली. त्यातला नैतिक आणि संहिताविषयक पेच मात्र बातम्यांच्या ओघात वाहून गेला.

घटना थोडक्यात अशी. एप्रिल आणि ऑगस्ट २०११मधील दिल्लीतील उपोषणांनंतर अण्णा हजारे यांनी १६ ऑक्टोबरपासून राळेगणसिद्धीत मौनव्रत धरले. मौनाच्या काळात ते कागदावर लिहून संवाद साधत. त्यांच्या नावाने एक अनुदिनी चालत होती आणि तिचे लेखन मराठीतील स्तंभलेखक व मुलाखतकार राजू पारुळेकर पाहत असत. आंदोलनाच्या मध्यवर्ती समितीत याच सुमारास मतभेद होऊन राजेंद्रसिंह आणि पी. व्ही. राजगोपाल तिच्यातून बाहेर पडले होते. ४ नोव्हेंबरला दिल्लीत राजघाटावर मौन सुटले. त्याच आठवड्यात, या समितीची फेररचना करण्याचा अण्णांचा विचार आहे, अशा आशयाचा मजकूर अनुदिनीवर आला आणि वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी तो बातमी म्हणून उचलला. अण्णांनी त्याचा इन्कार केला. त्यावर पारुळेकरांनी स्वतःच्या अनुदिनीवर अण्णांच्या हस्ताक्षरातील सहीच्या कागदाची प्रतिमा प्रसिद्ध केली. अण्णांच्या नावाची अनुदिनी बंद झाली.

येथे अनुदिनीकार आणि पत्रकार समोरासमोर उभे नाहीत. ती एकच व्यक्ती आहे. पत्रकार म्हणून नावारूपाला आलेला माणूस दुसऱ्याच्या ‘मी’चा लेखनिक होतो, आणि त्या ‘मी’ने शब्द नाकारताच तो पुन्हा पत्रकार होऊन पुरावा पुढे ठेवतो. या दोन भूमिकांना दोन भिन्न इमाने बांधतात. लेखनिकाचे इमान सांगणाऱ्याशी असते, पत्रकाराचे वाचकाशी. एरवी ती एकमेकांच्या आड येत नाहीत, येथे आली.

अनुदिनीच्या इंग्रजी पत्त्यातच ‘अण्णा हजारे म्हणतात’ अशा अर्थाचे शब्द होते. मौनात असलेला मनुष्य ‘म्हणतो’, यातला विरोध त्या वेळी फारसा कोणाला खटकला नसावा, आणि त्याला आपली वृत्तभाषाही थोडी कारण आहे. ‘पत्रकात म्हटले आहे’, ‘निवेदनात म्हटले आहे’ ही मराठी बातमीची ठरलेली वळणे. बोललेले, लिहिलेले, लिहवून घेतलेले, दुसऱ्याने लिहून सहीपुरते पुढे केलेले, हे सर्व ‘म्हणणे’ या एकाच क्रियापदात मावते. मावते म्हणजे झाकलेही जाते.

२

रोलाँ बार्थने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाच्या मरणाची घोषणा केली आणि लगोलग १९६९मध्ये फूकोने लेखक म्हणजे काय, हा प्रश्न नव्याने मांडला. मराठी समीक्षेत या दोन निबंधांचा उल्लेख इतका झाला आहे की, त्यांची नावे घेणे हाच कित्येकदा युक्तिवाद समजला जातो. राळेगणच्या संदर्भात बार्थचा फारसा उपयोग नाही. लेखक मेला असे मानून संहिता वाचावी, तर येथे लेखक हयात आहे आणि आपले अपत्य आपले नाही असे सांगतो आहे. फूकोचा मुद्दा अधिक कामाचा आहे. लेखनाला नाव चिकटण्यामागे शिक्षेचा इतिहास आहे, हे त्याचे निरीक्षण. एखादे लेखन दंडनीय ठरू लागले तेव्हा दंड कोणाला करायचा हे कळावे म्हणून कर्ता हवासा झाला. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास या निरीक्षणाला जितका पुष्टी देतो तितका क्वचितच दुसरा कोणता देत असेल.

१८८२चे कोल्हापूर प्रकरण सर्वांना माहीत असते ते टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासामुळे. प्रकरण मुळात पत्रांचे होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी दिवाण माधवराव बर्वे यांना गुंतविणारी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी खरी मानून त्यांच्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांचे त्या दिवसांवरील पुस्तक प्रसिद्धच आहे. ध्यानात घ्यायचे ते असे की, पत्रे त्यांनी लिहिली नव्हती आणि बनावटही त्यांनी केली नव्हती. त्यांनी ती खरी मानली आणि छापली. शब्द दुसऱ्याचा, जामीन आपला. पत्रकारितेची नैतिक बैठक येथे उघडी पडते: पत्रकार जे लिहितो त्याचाच नव्हे, तर जे पुढे करतो त्याचाही तो देणेकरी असतो.

आता २०११चा कागद पाहावा. तो बनावट नव्हता, कर्त्याच्या हातचा होता. तरीही वाद मिटला नाही, उलट वाढला. १८८२मध्ये ‘हे पत्र खरे आहे काय?’ या प्रश्नाच्या उत्तराने सर्व काही ठरले. २०११मध्ये त्याच प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येऊनही काहीच ठरले नाही, कारण लिहिणे, ठरविणे आणि प्रसिद्ध करणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. माणूस कागदावर एखादा विचार मांडून पाहतो, तेव्हा तो निर्णय असतोच असे नाही. निर्णय असला तरी तो आज जाहीर व्हावा अशी त्याची इच्छा असते असे नाही. बोलणाऱ्याला विचार आणि निर्णय यांमधले अंतर आवाजाने, अडखळण्याने, ‘बघू’ म्हणून दाखविता येते. मौनात लिहिणाऱ्याजवळ हे साधन नसते. त्याचा प्रत्येक विचार लेखी होतो आणि लेखी झाल्यामुळे निर्णयासारखा दिसू लागतो. गांधींचे सोमवारचे मौन आणि त्या दिवशीच्या चिठ्ठ्या सर्वश्रुत आहेत. गांधींच्या भोवती मात्र टिपून घेणाऱ्यांची एक शिस्त उभी राहिली होती. महादेवभाई देसाईंनी टिपलेली भाषणे आणि संभाषणे छापण्यापूर्वी बऱ्याचदा गांधींच्या नजरेखालून जात. ‘मी हे लिहिले’ आणि ‘हे छापावे’ या दोन संमती वेगळ्या आहेत, हे तेथे गृहीत होते.

१८६७च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि मुद्रणस्थळ यांची नोंद सक्तीची केली. पुढे संपादकाचे नावही छापावे लागू लागले. ‘हे पत्र अमक्यांनी अमुक छापखान्यात छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’ ही अंकाच्या तळाशी येणारी बारीक ओळ वाचक सहसा वाचत नाही. तरी वृत्तपत्रातील सर्वांत नैतिक ओळ तीच होय. हा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३चा नियतकालिक नोंदणीचा कायदा आला, तरी ती ओळ राहिलीच. लोकहितवादींनी १८४८पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहिली. सरकारी नोकरीत असलेल्या त्या गृहस्थाचे नाव वाचकाला अंकावर दिसत नव्हते. परंतु पत्राखाली नाव नसले तरी पत्रावर संपादकाचे छत्र होते. व्यवसायाने पत्रकार नसलेल्या माणसाचे व्यक्तिगत, तिखट, क्वचित अतिरेकी लेखन आणि त्यामागे उभा असलेला संपादक अशी ही जोडी होती. अनुदिनीचे पूर्वज शोधायचे तर ‘शतपत्रां’पाशी थांबायला हरकत नाही, मात्र तेथे भाऊ महाजनही होते, हे विसरून चालत नाही.

दुसरा पूर्वज अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलाच आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१०मध्ये सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून दीर्घकाळ निघत राहिले. अग्रलेख मुकुंदरावांचे, आणि ते प्रसंगी पद्यातही. पत्राचा बाज इतका एकहाती की, आजच्या परिभाषेत त्यांना अनुदिनीकार म्हणण्याचा मोह व्हावा. पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित पत्रांनी ज्या वाचकाला वाचक मानले नव्हते, त्याच्यासाठी हे पत्र होते. त्याचा जामीन कायद्याच्या ओळीत होताच, पण त्याहून अधिक तो गावात होता. संपादक कोठे राहतो हे सर्वांना माहीत होते. चुकीचे छापले तर जाब विचारायला त्याच्या ओट्यावर जाता येत होते.

हा ओट्यावरचा जामीन महत्त्वाचा आहे. सेनापती बापटांचे जन्मगाव असलेले पारनेर आणि त्याच तालुक्यातले राळेगण या प्रदेशात शब्दाची पत अजूनही पुष्कळशी तोंडओळखीवर चालते. राळेगणची सार्वजनिक कीर्ती ज्या ग्रामसभेवर उभी राहिली, तिचा सारा व्यवहार समोरासमोरचा. बोललेला शब्द तेथेच आव्हानिला जातो, तेथेच दुरुस्त होतो. अशा गावातला शब्द अनुदिनीवर चढून देशभर गेला तेव्हा त्याच्या पाठीशी ग्रामसभा नव्हती, संपादक नव्हता, मुद्रणस्थळाची ओळही नव्हती. ‘मी’ या सर्वनामाखेरीज त्याला कोणताच आधार नव्हता, आणि ते सर्वनामही उसने होते.

मात्र वृत्तपत्राचा जामीन शाबूत आहे असे समजून अनुदिनीला झोडपणेही अप्रामाणिक ठरेल. तालुक्याचा वार्ताहर हा मराठी पत्रकारितेचा सर्वांत दुर्लक्षित घटक. बातमीच्या माथ्यावर ‘पारनेर (वार्ताहर)’ एवढीच त्याची ओळख. अनेक ठिकाणी मानधन नाममात्र, आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याकडूनच वाढदिवसाची जाहिरात आणायची, ही त्याची नित्याची कोंडी. २०११मध्ये राळेगणात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली, तेव्हा त्या गावाला वर्षानुवर्षे ओळखणारा हा माणूस बाहेरून आलेल्यांना रस्ता दाखविण्यापुरता उरला असेल, तर नवल नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिले की, शब्दशः सारखा स्तुतिपर मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत वेगवेगळ्या नावांखाली बातमी म्हणून आला होता. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१०मध्ये या ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल दिला. तळाची बारीक ओळ त्या अंकांवरही होतीच. ओळ होती आणि जामीन नव्हता. अनुदिनीकाराला विश्वासाची जी जागा मिळाली ती या रिकाम्या जागेत, हे मान्य केल्यावाचून पुढची चर्चा करता येणार नाही.

३

तेव्हा मूळ प्रश्नाकडे यावे. सांगणाऱ्याने शब्द नाकारल्यावर लेखनिकाने त्याचा कागद प्रसिद्ध करावा काय?

एक उत्तर असे की, करू नये. कागद विश्वासाने दिलेला असतो. तो देणाऱ्याने पुढे काय केले, यावर घेणाऱ्याची गुप्ततेची बांधिलकी अवलंबून नसते. वकील अशिलाने खोटे बोलल्यावर त्याचे गुपित चव्हाट्यावर मांडीत नाही. या उत्तरात एक सोज्वळपणा आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण वकिलाची उपमा पुरती लागू पडत नाही. वकील अशिलाच्या ‘मी’ने बोलत नाही. अनुदिनीचा लेखनिक बोलतो. सांगणाऱ्याने ‘हे मी म्हटले नाही’ असे म्हणताच त्याच वाक्यात ‘हे याने रचले’ असे अनुच्चारित विधान असते. इन्काराने लेखनिकावर कूटलेखनाचा आरोप येतो, आरोप कोणी उच्चारो वा न उच्चारो.

दुसरे उत्तर म्हणून स्वसंरक्षणाचा अधिकार पुढे येतो. तो खरा आहे; पण तो माणसाचा अधिकार आहे, पत्रकाराचे कर्तव्य नाही. कागद प्रसिद्ध करण्याची कृती बाहेरून एकच दिसली, तरी ‘माझ्यावर बालंट आले’ म्हणून केलेली आणि ‘वाचकाला चुकीचे कळले’ म्हणून केलेली, या दोन वेगळ्या कृती आहेत. त्या एकाच व्यक्तीच्या मनात एकाच वेळी असू शकतात आणि बहुधा असतात. हेतू शोधण्याचा उद्योग टीकाकाराने करू नये. पण संहितेला विचारता येईल असा एक प्रश्न उरतो. प्रसिद्ध केलेल्या कागदासोबत त्याचा इतिहास आला काय? तो केव्हा लिहिला गेला, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल, तो छापण्याची संमती होती की विचार कळविण्यापुरता होता, हे वाचकाला सांगितले तर ती पत्रकारिता. नुसते हस्ताक्षर दाखविले तर तो न्यायालयातला पुरावा, आणि वाचक न्यायाधीश नसतो. त्याला उलटतपासणी घेता येत नाही.

कागद प्रसिद्ध करणे हा या प्रकरणातला मूळ दोष मानता येत नाही. दोष त्याच्या फार आधीचा आहे, आणि तो कोणा एकाचा नाही. अनुदिनी अण्णा स्वतः लिहीत नाहीत हे लपून नव्हते. पण दुसऱ्याच्या प्रथमपुरुषात चालणाऱ्या लेखनाचा घाटच असा असतो की, कोणते वाक्य सांगितलेले, कोणते लिहून दिलेले, कोणते लेखनिकाने जुळविलेले, हे वाचकाला कळण्याची सोय त्यात नसते. सांधे बुजविले की निवेदन ओघवते होते. नेत्याला ओघवते निवेदन हवे असते, लेखनिकाला ते साधल्याचे समाधान असते, आणि वृत्तपत्रांना त्यातून थेट मथळा मिळतो. तिघांचाही लाभ सांधे न दिसण्यात आहे. नुकसान फक्त वाचकाचे, तेही सांधा उखडेपर्यंत न कळणारे.

वृत्तपत्रांचा वाटा येथे कमी नाही. अनुदिनीवर अविश्वास दाखविणारी हीच वृत्तपत्रे आयते विधान मिळाले की तिला प्रथमदर्शनी साधन मानतात. इन्कार झाल्यावर ‘अनुदिनीवरून वाद’ असा मथळा देता येतो. म्हणजे पहिल्या दिवशी ती साधन, दुसऱ्या दिवशी आरोपी. टिळक-आगरकरांनी पत्रांबद्दल जी जबाबदारी पत्करली ती या व्यवहारात कोणाच्याच वाट्याला येत नाही. अनुदिनीकार म्हणतो, मी सांगितलेले लिहिले. वृत्तपत्र म्हणते, आम्ही अनुदिनीवरचे छापले. सांगणारा म्हणतो, मी असे म्हटले नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये लिखित शब्द पोरका असतो आणि त्याच्यावर अन्याय झाला की त्याला बापाच्या मदतीची गरज लागते, असा विचार येतो. येथे शब्दाला तीन पालक आहेत आणि तो तरीही पोरका आहे.

४

मराठीत या पेचाचा एक जुना आणि अभिमान वाटावा असा विचार झालेला आहे. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन विचारल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, आणि शके १२००च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर ग्रंथ पुन्हा उभा करताना जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे महानुभावांनी एक पाठ ठेवून दुसरा दडविला नाही. दोन्ही ठेवले, आणि पाठभेदाला ‘वासना’ ही स्वतंत्र संज्ञा देऊन कोणाची वासना कोणती हे नावानिशी नोंदविले. श्रद्धेयाच्या शब्दाबद्दल ज्यांच्या मनात संशयाला जागा नव्हती, त्यांनी तो शब्द आपल्यापर्यंत पोहोचविणाऱ्या माणसांबद्दल इतकी सावधगिरी बाळगावी, ही साधी गोष्ट नाही. लेखनिकाचे सांगणाऱ्याशी असलेले इमान आणि वाचकाशी असलेले इमान तेथे परस्परविरोधी ठरत नाहीत, कारण सांधा उघडा ठेवलेला आहे.

हा दाखला जसाच्या तसा आजवर लादता येणार नाही. म्हाइंभटांपुढे मुदत नव्हती, प्रतिस्पर्धी नव्हता, आणि मुख्य म्हणजे इन्कार करू शकेल असा वक्ता समोर नव्हता. शिवाय पंथाचा वाचकवर्ग बांधलेला होता. तरी कोणाकडून, कशा रीतीने आणि किती खात्रीने मिळाले एवढे सांगण्याला कोणत्याही माध्यमात तांत्रिक अडचण नसते. अनुदिनीत तर जागेची सबबही पुढे करता येत नाही.

कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा मार्ग मात्र शंकास्पद आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी जाळ्यावरील वृत्तप्रकाशनाला आचारसंहिता लावू पाहिली. ‘द लीफलेट’ आणि पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी नियम ९मधील संहितापालनाच्या कलमांना स्थगिती दिली. जामीन सरकारला द्यायचा असा अर्थ एकदा ठरला की वाचकाला द्यायचा जामीन बाजूला पडतो, आणि ‘प्रभाकर’मधल्या टोपणनावालाही मग जागा उरत नाही.

वृत्तपत्र आणि अनुदिनी यांच्यातील आणखी एक फरक या प्रकरणात दिसतो आणि त्याची दखल समीक्षेने फारशी घेतलेली नाही. ‘केसरी’ला १८८२मध्ये दिलगिरी व्यक्त करता आली, पण छापलेला अंक मागे घेता आला नाही. चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही दप्तरात राहिली, आणि आगरकरांना तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तक लिहावेसे वाटले तेव्हा वाचकापुढे दोन्ही होती. अनुदिनी बंद करता येते. ज्या विधानाचा इन्कार झाला ते विधान, त्याच्या मागचा-पुढचा मजकूर आणि त्याची तारीख हे सारे चालविणाऱ्याच्या मर्जीवर असते. राळेगणच्या त्या मजकुराचा मागोवा आज एखाद्या संशोधकाला घ्यायचा झाला, तर त्याला मुख्यतः नोव्हेंबर २०११च्या वृत्तपत्रांच्या फायलीच चाळाव्या लागतील; म्हणजे ज्यांनी तो मजकूर विचारपूस न करता उचलला, त्यांच्याच दप्तरात.